कामाच्या ठिकाणाबद्दलच्या पॉडकास्टने हातात कागद घेऊन बोलावे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मनुष्यबळ, नेतृत्व आणि कामाच्या बदलत्या पद्धती या विषयांवर मराठीत पॉडकास्ट होऊ लागले आहेत, याचा आम्हाला आनंद आहे. चाकण, रांजणगाव, वाळूज, सातपूर, शिरोली, बुटीबोरी किंवा गोव्यातील वेर्णा अशा औद्योगिक वसाहतींत कामाला जाणाऱ्या अनेकांचा रोजचा बराच वेळ कंपनीच्या बसमध्ये जातो. बसमध्ये वाचणे कठीण, ऐकणे सोपे. पुस्तक किंवा परिपत्रक ज्याच्यापर्यंत पोहोचत नाही त्याच्यापर्यंत हे माध्यम सहज पोहोचते. म्हणूनच त्यात काय सांगितले जाते याची आम्हाला काळजी वाटते.

या कार्यक्रमांतील बहुतेक भाग एकाच साच्याचे असतात. मोठ्या कंपनीतला पाहुणा येतो, आपला प्रवास सांगतो आणि मग तासभर कल्चर, माइंडसेट, ओनरशिप यांवर गप्पा होतात. पाहुणा खोटे बोलत नसतो. पण ऐकणारा कोण आहे? प्रेस शॉपचा सुपरवायझर, पंधरा माणसांच्या वर्कशॉपचा मालक, नुकतीच एचआरमध्ये लागलेली मुलगी, पहिली नोकरी करणारा आयटीआयचा ट्रेनी. भाग संपल्यावर यातल्या एकालाही उद्या वेगळे काय करायचे ते कळलेले नसते. आमचे म्हणणे एवढेच आहे, की एका भागात एकच प्रश्न घ्यावा, तो ज्या कागदावर उभा आहे तो कागद समोर ठेवावा आणि आकड्यांसकट शेवटपर्यंत सोडवावा.

सॅलरी स्लिपचेच घ्या. आपल्याकडे लाखो लोक ती दर महिन्याला पाहतात आणि खालचा हातात येणारा आकडा सोडून बाकी काही वाचत नाहीत. समजा मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून १४,००० रुपये आहेत. त्यावर १२ टक्के, म्हणजे १,६८० रुपये कामगाराचा पीएफ कापला जातो. मालकही १,६८० भरतो. पण पासबुक उघडल्यावर मालकाच्या रकान्यात ५१४ रुपयेच दिसतात आणि कंपनीने पैसे खाल्ले असा समज होतो. प्रत्यक्षात मालकाच्या वाट्यातील ८.३३ टक्के, म्हणजे १,१६६ रुपये पेन्शन योजनेत गेलेले असतात आणि ते वेगळ्या रकान्यात असतात. १५,००० रुपयांच्या मर्यादेमुळे पेन्शनमध्ये जाणारी रक्कम सर्वसाधारणपणे १,२५० च्या वर जात नाही, उरलेले पैसे पीएफमध्येच राहतात. हे सांगायला चार मिनिटे पुरतात आणि त्या चार मिनिटांत कंपनीतली अर्धी कुजबुज थांबते.

त्याच भागात पुढे सांगता येते की स्लिपवर कपात दिसली म्हणजे पैसे भरले गेले असे नव्हे. एका महिन्याचे पैसे पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचे असतात. यूएएनला, म्हणजे पीएफ सदस्याच्या कायम क्रमांकाला, मोबाइल क्रमांक जोडलेला असेल आणि केवायसी पूर्ण असेल, तर त्याच मोबाइलवरून ९९६६०४४४२५ या क्रमांकावर मिस्ड कॉल दिला की शिल्लक आणि शेवटचा भरणा एसएमएसने कळतो. असा क्रमांक कार्यक्रमात दोनदा, सावकाश, दोन-दोन अंक सुटे करून सांगावा. नोकरी बदलताना दोन चुका वारंवार होतात. पहिली म्हणजे नव्या कंपनीत जुना यूएएन न देता नवा काढला जातो. दुसरी म्हणजे जुन्या कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख नोंदवलेली नसते, त्यामुळे खाते वर्ग होत नाही. शेवटच्या भरण्यानंतर दोन महिने उलटले की ही तारीख सदस्याला पोर्टलवर स्वतः नोंदवता येते, हे फार थोड्यांना माहीत आहे. पेन्शनसाठी एकूण १० वर्षांची सेवा लागते. दर नोकरीनंतर पेन्शनचे पैसे काढून घेणारा माणूस ती सेवा दर वेळी शून्यावर आणतो. हे त्याला पैसे काढण्याआधी कोणी तरी सांगायला हवे.

ईएसआयचा, म्हणजे कामगारांच्या आरोग्य विम्याचाही असाच घोळ असतो. कामगाराकडून ०.७५ टक्के आणि मालकाकडून ३.२५ टक्के घेतले जातात, वेतनाची मर्यादा २१,००० रुपये. जूनमध्ये पगारवाढ होऊन माणूस या मर्यादेच्या वर गेला, की लगेच कपात बंद करण्याची चूक लहान कंपन्यांच्या पगारपत्रकात वरचेवर होते. अंशदानाचा काळ एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असा असतो. काळ सुरू होताना जो योजनेत आहे तो त्या काळाच्या अखेरपर्यंत योजनेतच राहतो, म्हणून कपात ३० सप्टेंबरपर्यंत चालू ठेवावी लागते. त्या पैशांवरचे लाभ पुढच्या जानेवारी ते जून या काळात मिळतात. कपात मध्येच तोडली आणि त्या काळात आजारपण आले, तर पगाराच्या ७० टक्के दराने मिळणारा आजारपणाचा भत्ता अडकतो. कपात चालू ठेवली तर कामगार विचारतो, पगार वाढला तरी पैसे का कापता? दोघांनाही एकच भाग ऐकवला तर वाद होणार नाही. फेब्रुवारीच्या स्लिपवर व्यवसाय कर २०० ऐवजी ३०० का, हा दरवर्षीचा प्रश्न तर एका वाक्यात मिटतो: वर्षाचे २,५०० पूर्ण करायचे असतात, ११ महिने २०० आणि फेब्रुवारीत ३००. महाराष्ट्रात २५,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या महिलांना हा कर लागतच नाही, तरी काही ठिकाणी तो कापला जातो.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि अर्धवट माहितीचा पूर आला. तेव्हापासून सर्वांत जास्त ऐकू येणारे वाक्य म्हणजे ‘आता सगळ्यांचा हातात येणारा पगार कमी होणार’. हिशेब मांडला असता तर हे वाक्य कोणी बोलले नसते. महिन्याचे ४८,००० रुपये घ्या. त्यात मूळ वेतन १६,००० आणि संहितेने वेतनातून वगळलेले भत्ते ३२,०००. मालकाचा पीएफचा वाटा सोपेपणासाठी बाजूला ठेवू. वगळलेले भत्ते एकूण रकमेच्या निम्म्याहून जास्त झाले तर वरची रक्कम वेतनात धरायची, असा नियम आहे. येथे निम्मे म्हणजे २४,०००, वरचे ८,००० वेतनात आले, म्हणून वेतन २४,००० झाले. कंपनी पूर्ण वेतनावर पीएफ कापत असेल तर कपात १,९२० वरून २,८८० होईल आणि हातात ९६० रुपये कमी येतील. पण कंपनी १५,००० च्या मर्यादेवरच पीएफ कापत असेल, तर कपात आधीही १,८०० होती आणि नंतरही १,८०० च राहते. ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना सेवेच्या वर्षांनुसार मिळणारी रक्कम, मात्र दोन्ही प्रकारांत वाढते: दर वर्षाच्या सेवेमागे सुमारे ९,२३१ रुपयांऐवजी १३,८४६. हे गणित २६ दिवसांचा महिना धरून १५ दिवसांच्या वेतनाचे आहे. आणखी एक बारकावा आहे. घरभाडे भत्ता, प्रवास भत्ता, ओव्हरटाइम, कमिशन यांची नावे वगळण्याच्या यादीत आहेत, स्पेशल अलाउन्सचे नाव नाही. त्यामुळे पगाराचा मोठा भाग स्पेशल अलाउन्समध्ये दाखवणाऱ्या कंपन्यांचे गणित आणखी वेगळे येते. स्लिपमधला प्रत्येक भत्ता नावाने विचारल्याशिवाय ‘पगार कमी होणार की नाही’ याचे उत्तर देताच येत नाही. पाहुण्याने तसे थेट सांगावे.

ग्रॅच्युइटी आता सगळ्यांना एका वर्षात मिळते, हीसुद्धा अशीच पसरलेली चूक. एका वर्षाची सवलत ठरावीक मुदतीच्या करारावरील कर्मचाऱ्यांसाठी आहे. कायम नोकरीत असलेल्यांना पाच वर्षांचीच अट आहे. फुल अँड फायनल, म्हणजे नोकरी सोडतानाच्या अंतिम हिशेबाबद्दलही तेच. राजीनाम्यानंतर दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचे ते वेतन. ग्रॅच्युइटीला ३० दिवसांची मुदत आहे. ‘दोन दिवसांत सगळे पैसे’ असे ऐकून गेलेला माणूस तिसऱ्या दिवशी एचआरच्या दारात भांडतो आणि त्याला खोटे ठरवले जाते. तो खोटा नसतो, त्याने ऐकलेला भाग अपुरा असतो.

नियम बदलतात, म्हणून प्रत्येक भागाच्या पहिल्या अर्ध्या मिनिटात ध्वनिमुद्रणाची तारीख बोलून सांगावी. वर्णनात लिहिलेली तारीख बसमध्ये ऐकणारा पाहत नाही. ऑडिओ पॉडकास्टच्या बहुतेक सेवांमध्ये दुवा तोच ठेवून फाइल बदलता येते. नियम बदलला की सुरुवातीला दुरुस्तीचे एक मिनिट जोडून नवी फाइल चढवावी. यूट्यूबवर तशी फाइल बदलता येत नाही, तेथे जुना भाग काढून नवा टाकणे हाच प्रामाणिक मार्ग.

लैंगिक छळाच्या तक्रारींवरील भागांबाबत आम्हाला अधिक कळकळीने लिहायचे आहे, कारण येथे चुकीची माहिती एखाद्या स्त्रीचे आयुष्य बिघडवू शकते. २०१३ च्या कायद्यानुसार १० किंवा जास्त कर्मचारी असतील तेथे अंतर्गत समिती हवी. अध्यक्ष वरिष्ठ महिला कर्मचारी, किमान निम्म्या सदस्य महिला आणि एक सदस्य बाहेरचा. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत लेखी द्यायची. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. लिहिता येत नसेल तर लिहून घ्यायला मदत करणे समितीचे काम आहे. तक्रारीची प्रत सात कामकाजाच्या दिवसांत समोरच्याला जाते, त्याला उत्तराला दहा कामकाजाचे दिवस मिळतात. चौकशी ९० दिवसांत पूर्ण, अहवाल त्यानंतर दहा दिवसांत आणि मालकाची कारवाई ६० दिवसांत. समेट होऊ शकतो, पण तो तक्रारदार स्त्रीने मागितला तरच, चौकशी सुरू होण्याआधी आणि पैशांची देवघेव न करता. ‘आधी एचआर बघेल, मग समितीकडे पाठवू’ अशी पायरी कायद्यात कोठेही नाही.

घाईचाही फटका बसतो. गोवा विद्यापीठातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये कारवाई रद्द करून चौकशी पुन्हा समितीकडे पाठवली, कारण समितीने ती घाईने उरकली होती आणि आरोप असलेल्याला बाजू मांडण्याची पुरेशी संधी मिळाली नव्हती. चौकशी नीट केली नाही तर तक्रारदारालाच पुन्हा सगळे सोसावे लागते, हे समितीच्या सदस्यांना शिकवायचे असेल तर या निकालावर एक अख्खा भाग व्हायला हवा.

आणि पॉडकास्ट करणाऱ्यांसाठी एक इशारा. तक्रारदार, आरोपी, साक्षीदार यांची ओळख आणि चौकशीतील मजकूर प्रसिद्ध करायला कायद्याने बंदी आहे. ‘नाव सांगू नका, फक्त किस्सा सांगा’ असे पाहुण्याला म्हणून भागत नाही. शहर, विभाग, पद आणि वर्ष एवढे सांगितले तरी त्या कंपनीतल्या प्रत्येकाला माणूस कळतो. खरा किस्सा घेऊच नये. काल्पनिक प्रसंग लिहावा आणि तो काल्पनिक आहे हे आधीच सांगावे.

आता नेतृत्वाकडे येतो. नेतृत्वावर भाग करू नयेत असे आमचे म्हणणे नाही. उलट सर्वांत जास्त गरज त्याचीच आहे, फक्त ते पहिल्या पायरीवरच्या माणसाला उपयोगी पडेल असे असावे. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कारखान्यांत नवखी माणसे भराभर भरावी लागली. तेव्हा सुपरवायझरांसाठी ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री नावाचा कार्यक्रम आखला गेला. पुढे जपानी कारखान्यांनी तो उचलला. काम शिकवण्याच्या त्यातल्या चार पायऱ्या आजही जशाच्या तशा वापरता येतात. आधी माणसाला सैल करा आणि त्याला काय येते ते विचारा. मग काम स्वतः करून दाखवा, एका वेळी एकच पायरी, दुसऱ्यांदा करताना खुबी सांगत. मग त्याच्याकडून करून घ्या, आणि तो करत असताना खुबी त्याच्या तोंडून वदवून घ्या. शेवटी त्याला एकट्याला सोडा, अडचण आली तर कोणाला विचारायचे ते नाव सांगा, सुरुवातीला वरचेवर आणि नंतर कमी वेळा जाऊन बघा.

ड्रिलिंग मशीनवर हे असे दिसते. ड्रिल चकमध्ये (ते पकडणाऱ्या भागात) बसवायचे, चकच्या किल्लीने घट्ट करायचे, किल्ली काढून तिच्या जागेवर ठेवायची, जॉब (भोक पाडायचा तुकडा) व्हाइसमध्ये पकडायचा, मग मशीन सुरू. यातल्या खुबी दोन: किल्ली चकमध्ये राहिली आणि मशीन सुरू झाले तर ती गोळीसारखी उडते, आणि फिरत्या ड्रिलजवळ हातमोजे घालायचे नाहीत, कारण कापड अडकले की हात ओढला जातो. नवा मुलगा सुरक्षेसाठी म्हणून मोजे घालूनच येतो. ‘मोजे काढ’ एवढेच सांगितले तर सुपरवायझर वळताच तो पुन्हा घालतो. कारण सांगून ते त्याच्या तोंडून वदवून घेतले तर घालत नाही. पंधरा मिनिटांच्या भागात एवढे एक काम नीट सांगता आले, तर तो सुपरवायझर त्याच पद्धतीने दुसरी दहा कामे शिकवू शकतो. आम्ही याला नेतृत्वाचे शिक्षण मानतो.

नेतृत्वावरच्या कार्यक्रमांत सायकॉलॉजिकल सेफ्टी, म्हणजे चूक किंवा शंका न घाबरता बोलून दाखवता येणे, हा शब्द फार येतो. त्यामागे संशोधक एमी एडमंडसन यांचा रुग्णालयांतील औषधांच्या चुकांवरचा १९९६ चा अभ्यास आहे. ज्या वॉर्डांतले संघ चांगले होते, तेथे नोंदलेल्या चुका जास्त निघाल्या, कारण तेथे माणसे चूक लपवत नव्हती. आपल्या शॉप फ्लोअरवर हा शब्द उतरवायचा तर निअर मिसचे रजिस्टर घ्यावे लागेल. थोडक्यात वाचलेला अपघात नोंदवणाऱ्याला सुपरवायझर पहिले वाक्य काय बोलतो, यावर त्या रजिस्टरचे भवितव्य ठरते. ‘कोणी केले?’ असे विचारले की नोंदी बंद होतात. ‘कुठे आणि कशामुळे?’ असे विचारले की चालू राहतात. नोंदीच्या आधारे एकाला जरी मेमो दिला तरी रजिस्टर कोरे पडते. महिन्याला पाच नोंदी झाल्याच पाहिजेत असे टार्गेट लावले तर महिनाअखेरीस एका बैठकीत पाच खोट्या नोंदी होतात. पाहुणा हे जाणत असेल तर त्याने हेच सांगावे, व्याख्या राहू द्यावी.

कार्यक्रम कोणाच्या पैशावर चालतो, हेही स्वच्छ सांगितले जात नाही. पगाराचे सॉफ्टवेअर विकणारी किंवा भरती करून देणारी कंपनी प्रायोजक असेल तर तसे सुरुवातीलाच जाहीर करावे. कंत्राटी कामगारांवरच्या चर्चेत कामगार पुरवणारा कंत्राटदार पाहुणा म्हणून एकटाच बोलत असेल, तर मुख्य मालकाचीही, म्हणजे ज्या कंपनीत काम चालते तिचीही, वेतनाची जबाबदारी असते हा मुद्दा राहूनच जातो.

ध्वनिमुद्रणाबद्दल थोडे, कारण चांगला मजकूर आवाजामुळे वाया जातो. ऐकणारा बसमध्ये आहे, इंजिनाचा आवाज चालू आहे, एकाच कानात इअरफोन आहे. माइक तोंडापासून एक वीत, किंचित बाजूला. पंखा आणि एसी बंद. रिकाम्या कॉन्फरन्स रूमपेक्षा पडदे आणि गादी असलेली खोली बरी, कारण काचेच्या भिंती आवाज परत फेकतात. पाहुणा दूरच्या गावी असेल तर व्हिडिओ कॉलचा आवाज थेट वापरू नये. त्याला स्वतःच्या फोनवर वेगळे रेकॉर्डिंग करायला सांगावे, सुरुवातीला एक टाळी वाजवून घ्यावी आणि त्या टाळीवर दोन्ही फाइली जुळवाव्यात. ब्लूटूथ इअरफोनचा माइक टाळावा. तो चालू झाला की आवाज फोन कॉलच्या दर्जावर येतो आणि पुढे तो सुधारत नाही. दोघांचे आवाज सारख्या पातळीवर आणून पूर्ण भाग स्टिरिओत उणे १६ आणि मोनोत उणे १९ एलयूएफएसच्या (आवाजाची पातळी मोजण्याचे एकक) आसपास ठेवावा. आकडे बोलताना पार्श्वसंगीत नको. मोनो ६४ केबीपीएसवर वीस मिनिटांची फाइल सुमारे साडेनऊ एमबी होते आणि व्हॉट्सअॅपवर सहज पुढे जाते. त्याहून लांब भाग करू नये असे आमचे मत आहे. वीस मिनिटांत २,४०० च्या आसपास शब्द बोलता येतात आणि एका प्रश्नाला तेवढे पुरतात.

संपादक महोदय, वृत्तपत्रांकडे बातमीदार आहेत, मजकूर तपासण्याची सवय आहे आणि चुकीची दुरुस्ती छापण्याची परंपरा आहे. या क्षेत्रातील पॉडकास्टना नेमके हेच कमी पडते आहे. आपण असा कार्यक्रम सुरू करावा, अशी विनंती आहे. भाग महिन्याच्या ७ ते १० तारखेदरम्यान यावा, कारण पगार बहुतेक तोपर्यंत झालेला असतो आणि स्लिप ताजी असते. त्याच दिवशीच्या अंकात नमुना स्लिप छापावी, म्हणजे ऐकणाऱ्याला बोट ठेवून पाहता येईल. प्रत्येक आकडा एका पीएफ-ईएसआय सल्लागाराकडून आणि एका कामगार संघटनेच्या कार्यकर्त्याकडून, अशा दोन्ही बाजूंनी तपासून घ्यावा. वसाहतींत बिहार आणि ओडिशातून आलेले कंत्राटी कामगार मोठ्या संख्येने आहेत, त्यांच्यासाठी तोच भाग हिंदीतही करता येईल. पहिल्या तीन भागांसाठी आमची सूचना अशी: सॅलरी स्लिप, नोकरी बदलताना पीएफ, आणि नेमणूक पत्र. नेमणूक पत्र देणे आता बंधनकारक आहे, आणि पहिल्या नोकरीतल्या मुलाच्या हातात ते पहिल्याच दिवशी पडले पाहिजे.

आपले,
मनुष्यबळ, कामगार कायदे आणि ध्वनिमुद्रण या क्षेत्रांत काम करणारे काही वाचक,
भोसरी, पुणे